प्रमोदनं निवडलेली गाडी

त्या दिवशी प्रमोदच्या नंबरावरून फोन आला आणि उचलता उचलताच मी ओरडले, “पम्या, पुन्हा त्या गाडीचं काढलंस तर फोन ठेवून देईन, सांगून ठेवते!” पलीकडून त्याच्या कचेरीतले एक बाबू चाचरत म्हणाले, “दीदी... प्रमोदजी नहीं रहे.” सकाळचे साडेअकरा वाजले होते. खुर्चीत बसल्या बसल्या, समोरची फाईल उघडी ठेवून माझा धाकटा भाऊ गेला. बावन्न वर्षांचा होता. मी त्याच्यावर शेवटची ओरडले तेही त्याला ऐकू आलं नाही, आणि ते बरं झालं की वाईट, हे दीड महिना झाला तरी मला ठरवता येत नाही.

गाडी म्हणजे लहान टू-स्ट्रोक डर्ट बाईक. मातीत, खड्ड्यांत उडवायची, ना लाईट ना आरसा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायची आणि निळा धूर सोडत किंचाळत जाणारी. पोराला हे वेड कुठून लागलं देव जाणे. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या, सायकलवरून पडायचीसुद्धा कोणाची हिंमत नव्हती. बाबा नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी प्रमोदला लावून घेतलं. तेव्हा तो बावीसचा. त्याला पुण्याला जायचं होतं, तिथं शर्यतीच्या गाड्या चालवायला शिकवतात म्हणे. आई म्हणाली, “खुर्ची सोडशील तर आम्ही काय खाऊ?” तो बसला त्या खुर्चीत. सोमवार ते शनिवार बाबांच्या टेबलाशी, आणि रविवारी गावाबाहेर लालबर्रा रोडच्या बाजूला, मातीच्या मैदानात गाडीवर. तेवढा एक रविवार त्याचा होता.

तोही मी घेतला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शर्यतीत उडी मारताना तो गाडीसकट आडवा झाला. हात मोडला, बरगड्या मोडल्या. दवाखान्यात आई भिंतीला डोकं आपटून घेत होती. मी त्याच्या खाटेजवळ गेले. डाव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून त्याचा उजवा हात मीच उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. “बोल, पुन्हा या गाडीवर बसणार नाही. बसलास तर मी मेले समज.” तो हळूच म्हणाला, “हौ.” आमच्याकडे शपथ आपोआप संपत नाही. ज्यानं घातली त्यानंच “सुटली” म्हणावं लागतं, तेही तीनदा. लहानपणी आम्ही चिंचेच्या बुटकावरून, म्हणजे एका आकड्यावरूनही, शपथा घालायचो आणि संध्याकाळच्या आत सोडवूनही घ्यायचो. ही मात्र राहिली.

त्यानंतर त्यानं नवाच उद्योग काढला. स्वतः घ्यायची नाही, तर दुसऱ्यांना गाडी निवडून द्यायची! फिरोजभाई मिस्त्रीच्या गॅरेजवर रविवारी त्याचा दरबार भरायचा. उकव्याच्या खाणीतले तरुण, बिरसा गावचे मास्तर, एकदा तर एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “मजेसाठी पाह्यजे का रेससाठी?” दोन्हीसाठी म्हणणाऱ्याला तो झाडायचाच. “रेसची घेशील तर घडीघडी इंजिन उघडा लागते, पिस्टन बदला लागते. तयारी आहे का तुही? आणि टू-स्ट्रोकची ताकद सांगून येत नाही बाप्पा. आधी काहीच नाही, मंग एकदम अंगावर येते.” मग गाडीवर बसवून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहायचा. आणि शेवटी गाडी मातीत आडवी पाडून म्हणायचा, “आता उचल. एकट्यानं. उचलता आली तर तुही, नाही तर लहान घे.” मोठमोठ्या दंडाचे लोक तिथं लहान गाडी घेऊन गेले. कचेरीत मान खाली घालून बसणारा माझा भाऊ तिथं राजासारखा बोलायचा, हे मी एकदाच, रिक्षातून जाताना पाहिलं होतं.

घरी यायचा तेव्हा शर्टाला त्या ऑइलच्या धुराचा वास, पँटीला गुडघ्यापर्यंत माती. त्याची बायको सुषमा धुवून धुवून थकायची. मी मनात म्हणायचे, लबाड कुठला, चालवतोय चोरून! आणि खरं सांगते, मला त्याचा राग येत नव्हता. उलट बरं वाटायचं. शपथही राहिली आणि पोराची हौसही भागते आहे, मग उगाच “सुटली” म्हणून आपली चूक कबूल कशाला करायची? असा माझा हिशेब. शाळेत तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या, स्वतःची दिसली नाही.

बारा वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. प्रमोद रजा टाकून वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून राहिला. जेवायला उठेना. आत आला की पायथ्याशी उभा राहून म्हणायचा, “ताई, माह्याच्यानं झालं हे.” मी त्या अवस्थेतही खेकसले, “गप रे! तू काय डॉक्टर आहेस का?” भावाची माया म्हणून सोडून दिलं.

यंदा, जायच्या आधीच्या रविवारी, तो माझ्याकडे आला. चहा ठेवला तर घेईना. “ताई, फिरोजभाईकडे एक लहान गाडी आली. पाह्यली मी. पाय टेकतील, पाडून उचलूनही पाह्यली. रेस गीस काही नाही, मैदानात दोन चकरा मारीन. आता तरी सुटली म्हण नं.”

“काहून? पन्नाशी उलटली, हाडं मोडून घ्यायची आहेत का तुले?”

“तू म्हण तर खरी...”

“रिटायर हो, मग पाहू.” मी हसत म्हटलं. मला वाटलं चोरून चालवतोच आहे, आता फक्त सरकारी मंजुरी मागतोय. तो चप्पल घालून जिना उतरला. उतरताना कठडा धरला होता, तेवढं मला आठवतं.

तेराव्याला फिरोजभाई आला. जेवण झाल्यावर माझ्याशेजारी खाली बसला. मी म्हटलं, “आपके यहाँ बहुत चलाई होगी उसने.” तो म्हणाला, “चलाई? दीदी, वो तो बैठता ही नहीं था. स्टार्ट करता, आवाज सुनता, हैंडल पकड़के बाजू में दौड़ता. सबको सिखाया, खुद कभी टाँग नहीं डाली.” मग म्हणाला, “एक ही बार बैठा था. पूरा एक चक्कर. इतना खुश मैंने उसको कभी नहीं देखा... उसी हफ्ते आपकी गाँठ निकली.”

अरे देवा! बारा वर्षं तो हे घेऊन जगला, दर राखीला माझ्यासमोर हात पुढे करून बसला, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. कुलूप मी घातलं होतं, किल्लीही माझ्याच तोंडात होती, आणि मी मजेत बसले होते. आता कितीदा तरी “सुटली” म्हणते. न्हाणीघरात म्हणते, भाजी चिरताना म्हणते. कोण ऐकतंय?

ती लहान गाडी त्यानं फिरोजभाईला स्वतःसाठी अलग ठेवायला सांगितली होती. सुषमा म्हणाली, “ताई, माह्या डोळ्यासमोर नको,” म्हणून मी ती माझ्या खालच्या ओसरीत आणवली. बंद ठेवली तर खराब होते, म्हणून दर रविवारी फिरोजभाई येतो, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालतो, किक मारतो. सगळी गल्ली धुरानं भरते, शेजारच्या बाई खिडक्या लावून घेतात. लावू देत. मी हँडल धरून बाजूला उभी राहते. गेल्या रविवारी फिरोजभाई त्या आवाजात ओरडला, “दीदी, एक बार बैठके तो देखो! छोटी है, आपके भी पैर टिकेंगे.”

टिकले असते. मी सीटवरची धूळ पदरानं पुसली.

“पहले उसका नंबर है, फिरोजभाई,” मी म्हणाले.