आण्णांची बंद शीर

माझे सासरे, आण्णा, मंचरच्या बाजारातून चालताना मधेच एखाद्या दुकानापुढे उभे राहायचे. भांड्यांचं असो, बांगड्यांचं असो. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "छातीत दाटतं. नुसतं उभं ऱ्हायलं तर लोक इचारत्यात."

ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वेशीपासून मांडवापर्यंत चालत, दम न खाता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हे दाटणं सुरू झालं आणि वाजवणं सुटलं. पुण्यात तपासलं, तर हृदयाची एक शीर पूर्ण बंद निघाली, तीही कधीचीच. डॉक्टरांनी मांडीतून तार घालून बघितली. ती पुढं सरकेना. साखरेच्या आजारानं बाकीच्या शिरा बारीक झालेल्या, म्हणून बायपासही होणार नव्हतं. डॉक्टर मान खाली घालून हे सांगत होते आणि आण्णाच त्यांची समजूत काढत होते.

गोळ्यांवर वर्षं गेली. दर खेपेला तपासून झालं की शर्टाची बटणं लावत ते विचारायचे, "डॉक्टर, नवी तार आली का वो?" परतताना एसटीत सासूबाईंना सांगायचे, पुढच्या खेपेला येईल.

आणि खरंच आली. घरोघर मोबाईल झाले त्या सुमारास डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, की आता नव्या तारा आल्यात. पुढून नाही जमलं तर दुसऱ्या शिरेतून वळसा घालून मागून बंद जागा उघडता येते. घरी येताच आण्णांनी क्लॅरिनेट पुसायला काढली. मग रक्ताचे रिपोर्ट आले. किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. शीर दिसावी म्हणून जे औषध सोडतात, ते त्यांना सोसणार नव्हतं.

आण्णांनी क्लॅरिनेट परत ठेवून दिली. मग म्हणाले, "तार आली, पन आमी उरलो न्हाई."

पुन्हा त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त पेठ गावच्या एका लांबच्या पाहुण्यांना हाच आजार निघाला आणि ते पुण्याला जायला घाबरत होते, तेव्हा आण्णा धापा टाकत त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "पावणं, किडनी धड हाय तवर जावा."

पाहुणे गेले. त्यांची शीर उघडली. बरं वाटल्यावर पेढे घेऊन ते आण्णांना भेटायला आले, तेव्हा आमच्या दारात आण्णांच्या दहाव्याची माणसं बसली होती. पाहुण्यांनी पुडा पिशवीत तसाच ठेवला आणि सगळ्यांत मागं जाऊन बसले.