बिडकर सरांचा श्वासाचा तास

बिडकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका खाटकाच्या दुकानासमोर. धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध आणि हातात झाकणाचा पितळी डबा. मी वडिलांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, हैदराबादच्या सुलतान बाजारातून नल्लकुंट्याला घरी चालले होते. खाटीक त्यांना विचारत होता, "क्या पंडितजी, पकाने कू लेजारें क्या?"

"नक्को मियाँ, पढाने कू," ते शांतपणे म्हणाले.

आमच्या नानांनी चालण्याचा वेग वाढवला. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "काळ मोठा विचित्र आलाय."

दुसऱ्या दिवशी तोच माणूस आमच्या आठवीच्या वर्गात विज्ञानाचे नवे शिक्षक म्हणून उभा होता. टेबलावर तोच डबा. त्यांनी झाकण काढलं आणि पुढच्या बाकावरच्या मुली बाकासकट मागे सरकल्या. आत बकऱ्याची फुप्फुसं होती, श्वासनलिकेसकट. सरांनी नळीत सायकलचा पंप बसवला आणि दोनदा दाबला. ते मरगळलेलं काळपट मांस बघता बघता गुलाबी होऊन टम्म फुगलं. मग एक तुकडा कापून त्यांनी पाण्यात टाकला, तर तो तरंगला. "लाखो बारीक फुगे आहेत यात," ते म्हणाले. "प्रत्येक फुग्याला रक्ताच्या केसाएवढ्या नळ्यांनी वेढलंय. तिथेच प्राणवायू रक्तात जातो आणि नको तो वायू बाहेर पडतो."

मग त्यांनी पंप खाली ठेवला. "पण आता मी तुम्हाला फसवलं. तुमच्या छातीत पंप नाही. फुप्फुस स्वतः काहीच करत नाही, ते आळशी आहे. बरगड्या वर उचलल्या जातात, पोटाच्या वरचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली जातो, छातीत जागा होते आणि हवा आपली आपण आत येते. हात लावून बघा." साठ मुलामुलींनी आपापल्या बरगड्यांवर हात ठेवले. जन्मापासून चाललेली ती हालचाल मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

आठवडाभरात दोन-चार पालक तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांत नानाही होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी स्वतः घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय पाणी पीत नाही. पण मुलांना कागदावरचं फुप्फुस दाखवून काय उपयोग? कागद फुगत नाही." हे वाक्य पुढे शाळेत म्हणीसारखं झालं. कुणी नुसतं पाठांतर करून आलं की सर म्हणत, "कागद फुगत नाही हो."

मला लहानपणापासून दमा होता. मी शेवटच्या बाकावर बसायची, पळायची नाही, उत्तर येत असलं तरी उभी राहायची नाही. बोलताना धाप लागली तर सगळे वळून बघतील, ही धास्ती. आठवीनंतर मला शाळेतून काढायचं नानांनी ठरवूनच टाकलं होतं. दसऱ्याच्या आधी वर्गातलं जुनं कपाट साफ करताना धूळ उडाली आणि मला जोराचा झटका आला. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी वारा घालू लागलं. सर माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"कुसुम, आत घेण्याची धडपड करू नकोस. आत पुष्कळ आहे. जुनी हवा बाहेर पडत नाहीये, म्हणून नवीला जागा नाही. शीळ घालताना करतात तसे ओठ कर. समोर दिवा आहे समज. विझवायचा नाही, नुसती ज्योत हलवायची. हळू सोड. माझा तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत, मला काही घाई नाही."

दमा त्याने बरा झाला नाही. पण त्या वीस मिनिटांत भीती उतरली, आणि हळूहळू श्वासही सावरला.

संध्याकाळी सरांनी मला घरी पोहोचवलं. नाना दारातच होते. सरांनी त्यांचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला आणि श्वास सोडायला वेळ कसा लागतोय ते दाखवलं. नाना म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, शाळा हिला झेपायची नाही."

"वैद्यांचं औषध चालू ठेवा. पण दमा घरीही येणारच, नानासाहेब. फरक इतकाच की घरी बसली तर तिला दमा का येतो हे कधी कळणार नाही."

नाना आत वळून म्हणाले, "अगं, सरांना चहा टाक." माझी शाळा सुटली नाही.

पुढच्या वर्षी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन तुकडे झाले. मराठी नोकरदारांच्या घरोघरी सामान बांधणं सुरू झालं. नानांनी इथेच राहायचं ठरवलं; सरांची बदली मात्र औरंगाबादला झाली. त्यांच्या जागी येणारे राव सर तेलुगू होते, मराठी जेमतेम. बिडकर सर महिनाभर रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर बसत, त्यांना मराठी शब्द लिहून देत आणि त्यांच्याकडून तेलुगू शब्द घेत. एकदा आनंदाने वर्गात येऊन सांगू लागले, "तेलुगूत फुप्फुसाला ऊपिरितित्तुलु म्हणतात. म्हणजे श्वासाच्या पिशव्या. आपल्या शब्दापेक्षा चांगला आहे की नाही?"

शेवटच्या दिवशी वाटलं होतं, निरोपाचं भाषण होईल. सरांनी राव सरांची ओळख करून दिली, खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. राव सर धीराने मराठीत शिकवू लागले. एका ठिकाणी अडले. "छातीखाली हे जे आहे..." म्हणत हाताने घुमट दाखवू लागले. मुलं हसायच्या बेतात होती. मी बिडकर सरांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, ओठ घट्ट मिटलेले.

मी उभी राहिले. "श्वासपटल, सर. ते खाली गेलं की छातीत जागा होते." एवढं लांब वाक्य मी वर्गात कधी बोलले नव्हते.

"थँक्यू अम्मा," राव सर म्हणाले आणि फळ्याकडे वळून त्यांनी तो शब्द लिहिला. मी खाली बसले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. मागच्या दाराने बिडकर सर व्हरांड्यात गेले होते आणि, तास चालू असल्यामुळे, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन चालले होते.