बदली हात

केंद्रात सगळे तिला हातवाल्या बाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. तिथे मुकादम तिला नुसतं ‘ए इस्त्री’ म्हणायचा. त्या मानाने हे बरंच होतं.

काम साधं होतं. शरीराला काय मानवतं आणि काय नाही, ते केंद्रात हात दाबून सांगत. जे तपासायचं ते छोट्या बाटलीत घालून पेशंटने एका मुठीत धरायचं आणि दुसरा हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचा. केंद्र चालवणारे सर त्या मनगटावर दोन बोटं ठेवून दाबायचे. हात टिकला तर वस्तू मानवते, खाली गेला तर नाही. पण तान्ही बाळं, थकलेली माणसं, खांदा आखडलेले लोक, यांचा हात कसा दाबणार? त्यांच्यासाठी ती होती. पेशंटने तिचा डावा हात धरायचा आणि सरांनी तिचा उजवा दाबायचा. तारेतून वीज जावी तसं एका शरीराचं म्हणणं दुसऱ्यात जातं, असं सर समजावून सांगत. याला बदली हात म्हणायचे.

घरी नणंद होती. लग्न न केलेली, पडदे शिवून देणारी, जिभेला हाड नसलेली. तिचा भाऊ गेल्यापासून घरात दोघीच. नणंद म्हणायची, अख्ख्या शहराची दुखणी तुझ्या दंडात येऊन बसतात, आणि बरणीचं झाकण उघडायला मात्र मला हाक मारतेस.

तिचा मात्र विश्वास होता. कारण हात खरंच पडायचा. ती पाडत नसे. सरांची बोटं टेकली की कधी खांदा भिंतीसारखा उभा राही, कधी आतून कुणी आधार काढून घेतल्यासारखा खचे. सर आधी पाणी गाळायची यंत्रं विकायचे आणि कुठल्याशा शिबिरात हे शिकून आले होते. लबाड असते तर तिने ओळखलं असतं, कारखान्यात तिने लबाड माणसं पुष्कळ पाहिली होती. पण सरांचा स्वतःचाच यावर विश्वास होता. आपल्या आईचा चहासुद्धा त्यांनी असाच बंद केला होता.

आणखी एक गोष्ट होती. ती तिने नणंदेलाही सांगितली नव्हती. लोक तिचा हात धरायचे. नवऱ्याचा हात तिने शेवटचा धरला तो हॉस्पिटलात, आणि तेव्हा तो गार पडायला लागला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्या हाताला इस्त्रीच्या मुठीखेरीज कुणी भेटलं नव्हतं. इथे मात्र दिवसभर कुणी ना कुणी येई आणि तिच्या पंज्यात आपला पंजा देई. ओले, खरखरीत, थरथरणारे, अंगठी रुतलेले. संध्याकाळी घरी गेल्यावर ती लगेच हात धूत नसे.

चष्मेवाले दर गुरुवारी यायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीनिमित्त राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. त्यांचा खांदा आखडला होता, म्हणून ते तिच्या वाट्याला आले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते की परक्या बाईचा हात धरायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते का. सर हसले नाहीत. ती हसली.

त्यांचा पंजा कोरडा आणि ऊबदार होता. काचा घासून अंगठ्याला घट्टा पडला होता, तो तिच्या हाताच्या पाठीवर टेकायचा. बाटल्या बदलताना सर पाठ वळवत. हात तेव्हा सोडायला हवा. चष्मेवाले सोडायचे नाहीत. तीही नाही. यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना शुगर होती. हॉस्पिटलच्या गोळ्या कितीतरी वर्षं चालू होत्या. एका गुरुवारी सरांनी ती गोळी त्यांच्या मुठीत ठेवली आणि तिच्या मनगटावर बोटं टेकवली. तिचा हात असा खाली गेला की तिलाच धस्स झालं. सर हळू आवाजात म्हणाले, बघितलंत, तुमचं शरीर किती दिवस ओरडतंय. त्या दिवसापासून चष्मेवाल्यांनी गोळ्या बंद केल्या. जाताना तिला म्हणाले, बरं झालं तुम्ही होतात.

ते वाक्य ती घरापर्यंत जपून घेऊन आली.

पुढे काही महिन्यांनी नणंदेच्या चष्म्याची काडी निखळली, म्हणून ती दुकानात गेली. चष्मेवाल्यांनी खुर्ची पुसून दिली. त्यांच्या डोळ्यांवर नवाच चष्मा होता. गेल्या महिन्यात वेगळा होता, त्याच्या आधी आणखी वेगळा. ते वैतागले होते. सकाळी बरोबर वाटणारा नंबर संध्याकाळी चुकतो, काच पाठवणाराच फसवतोय, असं त्यांचं म्हणणं. पाण्याची मोठी बाटली काउंटरवर होती. बोलता बोलता त्यांनी ती अर्धी संपवली. एका बुटाची टाच दाबून त्यांनी त्याची चप्पल केली होती. पायाच्या अंगठ्याला काहीतरी झालंय, भरत नाही, म्हणाले. दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

तिने विचारलं, सरांना दाखवलंत का. दाखवलं होतं. सरांनी टोमॅटो बंद केला होता.

काडी बसवत ते गप्पा मारत होते. भिंतीवर अक्षरांची पाटी होती, आणि दाराआड दुसरी. ती दुसरी कशाला, असं तिने सहज विचारलं.

“पहिली लोकांना पाठ असते,” ते म्हणाले. “एक आजोबा खालची ओळ घडाघडा वाचायचे, आणि दारातून बाहेर पडताना पायरी दिसायची नाही. खोटं नाही बोलत हो माणूस. त्याला खरंच वाटतं, आपल्याला दिसतंय. म्हणून जे त्याला आधी माहीत नाही, ते वाचायला द्यायचं.”

ती चष्मा घेऊन निघाली. रस्ताभर तेच डोक्यात. सर बाटली उचलतात तेव्हा बाटलीत काय आहे ते सरांना माहीत असतं. बाटलीवरची चिठ्ठी तिलाही दिसते. काय व्हायला हवं, ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं.

त्या रविवारी तिने नणंदेला कामाला लावलं. पडद्यांच्या उरलेल्या कापडाच्या सारख्या पिशव्या शिवून घेतल्या. एकीत साखर, एकीत मीठ, एकीत कपडे धुवायची पावडर, एकीत तांदूळ, एक रिकामी. सगळ्यांत थोडा कापूस, म्हणजे हाताला कळू नये. नणंदेने त्या डोळे मिटून टोपलीत कालवल्या. दोघींनाही कुठली कुठे ते माहीत नव्हतं. मग नणंद सरांसारखी दोन बोटं टेकवून उभी राहिली.

“आता मला फी द्यावी लागेल,” ती म्हणाली. “आणि सरांसारखा श्वास घ्यायचा का, बैलासारखा?”

आधी दोघी हसत होत्या. मग पिशव्या उघडून बघितल्या, तेव्हा हसू थांबलं. धुण्याच्या पावडरीला हात टिकला. तांदळाला पडला, पुन्हा केलं तेव्हा टिकला. रिकाम्या पिशवीला तर असा खचला, की तसा केंद्रात विषारी म्हटलेल्या गोष्टीलाही खचत नसे. नंतर त्यांनी पिशव्या उघड्या ठेवून, नावं घेऊन तेच केलं. आता पावडरीला हात पडला. दर वेळी पडला.

नणंदेजवळ टोमणा तयार असणार. पण तिने वहिनीचं तोंड पाहिलं आणि पिशव्या गोळा करायला लागली.

“वन्सं,” ती म्हणाली, “त्यांच्या गोळ्या माझ्या हाताने बंद झाल्या.”

नणंदेने कोण ते विचारलं नाही. तिला बहुतेक ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिली. चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं, पिशव्यांसकट. गोळ्या परत सुरू करा, हॉस्पिटलात पाय दाखवा, म्हणून विनवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, सरांशी काही बिनसलं का.

“तुमच्या तोंडापेक्षा तुमचा हात मला जास्त माहीत आहे,” ते म्हणाले. “तो माझ्याशी खोटं बोलणार नाही.”

असं तिच्याशी आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. तिथेच उभं राहून ते नुसतं ऐकत राहावं, असं तिला वाटलं. क्षणभर तिने तसं केलंही. मग ती कामावर गेली.

गुरुवारपर्यंत तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. गप्प राहिलं तर पुढचा गुरुवार आहे, त्याच्या पुढचाही. तो घट्टा, ती ऊब. आणि दाबलेल्या टाचेचा तो बूट. एक चोरवाटही तिला दिसली. ती हॉस्पिटलच्या गोळीला हात ताठ ठेवू शकत होती. ते गोळ्या सुरू करतील, येतही राहतील, कुणाला काही कळणार नाही. ही वाट तिला फार आवडली. म्हणूनच तिला तिची भीती वाटली.

गुरुवारी चष्मेवाले लंगडत आले. त्यांनी हात पुढे केला. तिने धरला. या वेळी तो गरम लागत होता, तापासारखा. तिने सरांना सांगितलं, शुगरची गोळी पुन्हा तपासा. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चष्मेवाल्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. म्हणजे ते जवळ बाळगत होते.

सरांनी दोन बोटं टेकवली. हात हलला नाही. चार बोटं. हलला नाही. मग त्यांनी पूर्ण पंजा ठेवून भार टाकला. इस्त्री ओढलेला तो दंड होता. सर म्हणाले, आज तुम्ही ताणताय.

चोरवाट इथवरच होती. इथे थांबता आलं असतं.

“हो, ताणतेय,” ती म्हणाली. “आणि आता बघा.” तिने हात सोडला, तो खाली पडला. पुन्हा वर केला. “हात माझा आहे. यात यांचं शरीर काही बोलत नाही. मला वाटतं, सरांना वाटतं, तसा तो पडतो.”

पडद्याबाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावू लागली. सर तिला समजावू लागले की नकारात्मक विचारांनी तपासणी बिघडते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

चष्मेवाल्यांनी विचारलं, “तेव्हाही तुम्हीच?”

“मला माहीत नव्हतं.”

त्यांनी हात सोडला. झटकला नाही. एकेक बोट उचलून सोडला, नाजूक वस्तू जागेवर ठेवावी तसा. बूट चढवायला वेळ लागला. ती वाकली तर ते नको म्हणाले. मग पाकीट खिशात घालून ते निघून गेले. कुठे, ते तिला दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. तिथून ते थेट हॉस्पिटलात गेले होते. मुलाला बोलावून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. पायाची दोन बोटं काढण्यावर निभावलं.

केंद्रातली नोकरी तिथेच संपली होती. ती आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी बाईंकडे केंद्राविरुद्ध तक्रारी होत्या, पण आत काय चालतं ते सांगायला कुणी आलं नव्हतं. तिने उभं राहून करून दाखवलं. बाईंनी तिचं मनगट दाबून पाहिलं, मग स्वतःचं तिला दाबायला सांगितलं, आणि स्वतःचा हात पडल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. केंद्राला कुलूप लागलं. नंतर बाजारात एका आईने तिला अडवलं. माझ्या लेकराचं चांगलं चाललं होतं, तुझ्या पोटात का दुखलं, म्हणाली. त्याच लेकराला तिने बदली हात देऊन दुधापासून तोडलं होतं. तिने त्या आईला हॉस्पिटलातल्या मुलांच्या डॉक्टरांचा वार सांगितला. आई ऐकायला थांबली नाही.

आता ती घरी नणंदेच्या हाताखाली पडदे शिवत होती. हॉस्पिटलात जायचा धीर व्हायला तिला वेळ लागला. शेवटी नणंदच म्हणाली, जा एकदा, नाहीतर माझे पडदे वाकडे शिवशील.

वॉर्डात चष्मेवाले उशीला टेकून बसले होते. पायाला जाड पट्टी होती. चेहरा उतरला होता, पण डोळे निवळले होते. मुलगा उठला, त्याने तिला स्टूल दिलं. ती कोण ते त्याला ठाऊक असावं.

मग नर्स आली. चष्मेवाल्यांच्या बोटाच्या टोकाला तिने टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, छोट्या यंत्रात घातला. यंत्रावर आकडा उमटला. नर्सने तो वाचून दाखवला आणि पुढच्या खाटेकडे गेली.

“बघा,” चष्मेवाले म्हणाले. “इथे कुणाचा हात धरावा लागत नाही.”

ते चेष्टेत म्हणाले की कसे, ते तिला कळलं नाही. आकडा कालच्यापेक्षा खाली आला होता, असं मुलाने सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. खरंच बरं झालं होतं. टोचलेल्या बोटावर अजून एक लालसर ठिपका होता. तो पुसावा, नुसता कापसाने, एवढंच तिच्या मनात आलं. तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“दुखलं का?”

“नाही,” ते म्हणाले, आणि हात पांघरुणाखाली घेतला.

भेटीची वेळ संपली. मुलगा तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. पुन्हा या, म्हणाला. बाबा तसं म्हणाले नव्हते. ते दोघांनाही माहीत होतं. ती हो म्हणाली आणि कठड्याला धरून हळूहळू खाली उतरली.