माती चाखणारे व्याही

आमच्या व्याह्यांएवढा हट्टी माणूस अख्ख्या नवी मुंबईत नाही, आणि हे मी म्हणतोय, ज्याला सगळं शिरवणे गाव हट्टी म्हणतं. माणूस निवृत्त इंजिनियर, मूळचा देशावरचा, राहतो नेरूळच्या सोसायटीत. नाद एकच, थंड मुलखातली पांढरी वाइन. पिणं बोटभर, बोलणं घागरभर. आमच्या पोरासाठी आपल्या मुलीचं स्थळ घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहा यायच्या आधीच अंगणातली माती चिमटीत धरून त्यांनी जिभेवर ठेवली. "खारट आहे," म्हणाले. "इथं द्राक्ष रुसेल." आमची ही आतून म्हणाली, "माती खानाऱ्याची पोर नको आपल्याला." तरी सोयरीक झाली. पोरगी माती खात नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी येतात आणि मला शिकवतात. थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून आंबटपणा टिकतो. आपल्या उन्हात तो जळतो, नुसती साखर उरते. मी एकदा म्हटलं, "व्याही, आंबटच पायजे तर कैरी हाय." पुढच्या रविवारी आले नाहीत. हळदीला माझ्या भावाने मायेपोटी त्यांच्या वाइनमध्ये बर्फ आणि सोडा ओतला, तर मुलीचा बाप मांडव सोडून गाडीत जाऊन बसला. समजूत मलाच काढावी लागली.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. जाताना नाकाचा वासही घेऊन गेला. वरण काय, वाइन काय, सगळं कोमट पाणी. रविवारी यायचे, पण गप्प बसायचे. परवा एक बाटली घेऊन आले. तरुणपणी कंपनीने जर्मनीला धाडलं होतं, तिथल्या नदीकाठच्या डोंगरावरची.

"सगळा डोंगर पाटीच्या दगडाचा," म्हणाले. "दिवसा तापतो, रात्री वेलीला ऊब देतो. नाहीतर त्या थंडीत द्राक्ष पिकायचंच नाही. बाटली आणखी ठेवली तर उतरेल. तुम्ही प्या, आणि डोंगर आहे का सांगा. माझं मन राखायला सांगू नका."

मन राखणं मला जमत नाही. घोट घेतला. "आंबट हाय," म्हटलं. ते पेल्याकडे बघत राहिले. मी पुन्हा नाक घातलं.

"दुसरीपर्यंत शिकलो मी," म्हटलं. "पाटी थुंकीनं पुसायचो, मास्तरांचा मार खायचो. त्या ओल्या पाटीचा वास येतोय."

व्याह्यांनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाले, "अजून एक घ्या. हळू."

मी हळू घेतला. गिळताना त्यांचाही गळा माझ्याबरोबर हलला.