रिव्हर्स गिअरमधली नवरी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतील. माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली.

नणंदेच्या मुलीला, म्हणजे नवरीलाच, आम्ही आमच्या जुन्या मोठ्या गाडीतून मसुऱ्याच्या हॉलवर नेत होतो. वाटेत गिअरबॉक्स गेला. पुढचा एकही गिअर पडेना, फक्त रिव्हर्स पडत होता. मुहूर्त जवळ आलेला, दुसरी गाडी मिळेना. नवरी रडायला लागली.

शेवटी रिव्हर्समध्येच जायचं ठरलं, आणि सगळ्यांनी ढकलून गाडी उलटी फिरवली. सोबत असलेल्या ह्यांच्या म्हाताऱ्या मामांनी रस्त्यातच नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, गाडी उलटी धावली तरी चलात, पण पोरीक मुहूर्ताक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मागे रुखवत भरलेलं, त्यामुळे गाडी चालवणाऱ्या ह्यांना मागचं काही दिसेना. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच सांगू लागले.

"मोठ्यान बोल गो! लाजतंस कित्याक?" हे म्हणाले.

मग मी ओरडले, "उजवीकडे घेवा! म्हस आसा, थांबा!" चारचौघांत इतका आवाज मी कधी काढला नव्हता. नवरी रडता रडता हसायला लागली. आम्ही हॉलवर उलटेच शिरलो, तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायची होती.

गिअरबॉक्सचे पैसे नवरीच्या वडिलांनीच उसने दिले. आम्ही थोडे थोडे फेडत होतो. काल शेवटचे दिले, तेव्हा ते म्हणाले, "सगळे पावले, वहिनी. आता धाकटीच्या लग्नाक तरी सुलटे येवा!"