केळीची बारा रोपं

मी उपयोजित वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं ते 'उपयोजित' या एका शब्दाच्या भरवशावर. नुसतं वनस्पतिशास्त्र घेतलेले शिक्षक होतात किंवा काहीच होत नाहीत, आमच्या हाताला मात्र लगेच काम मिळतं, असं मी घरी ठासून सांगितलं होतं. पास होऊन वर्ष उलटलं तरी मी कांजूरमार्गच्या घरात बसूनच होतो. शेवटी साकीनाक्याच्या एका टिश्यू कल्चरवाल्याने, म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्यांमधून रोपं वाढवणाऱ्याने, मुलाखतीत सरळच सांगितलं, "डिग्री सगळ्यांकडे असते रे. केळीच्या रोपांच्या बाटल्या देतो. महिन्याभरात मातीत जगवून आण, नोकरी तुझी."

बाटलीतून काढलेल्या रोपाला बाहेरची हवा सोसत नाही. म्हणून कुंडीत लावल्यावर त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घालायची, आत दमटपणा राहतो. मग पिशवीला रोज एकेक भोक पाडत त्याला हळूहळू बाहेरची सवय लावायची. मी बारा रोपं सावलीत, भिंतीकडेला ठेवली. दहा दिवसांत एकही मेलं नाही. दोन-तीन रोपांना नवीन पान आलं. कित्येक महिन्यांनी मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

अकराव्या दिवशी मार्कशीट आणायला अंधेरीला, कॉलेजात गेलो. परत आलो तर बाराही कुंड्या खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हात मांडलेल्या. पिशव्या स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"घाम फुटला होता रे त्यांना," आई म्हणाली. "पिशव्या आतून ओल्याचिंब. गुदमरून मरतील म्हणून काढल्या."

तिच्या हातचं झाड सहसा मरत नाही. ग्रिलमधला कढीपत्ता, अळू, सगळं तिनेच वाढवलेलं. तरी मी ओरडलो. तुझ्यामुळे माझी नोकरी गेली, असं तोंडावर म्हणालो. मी कुंड्या सावलीत आणल्या, पाणी शिंपडलं, पुन्हा पिशव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी देठ काळे पडले. साकीनाक्याला फोन केला.

"बाराच्या बारा? मग राहू दे," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पाच वर्षं शिकून मला घरातला एक कोपरा सांभाळता आला नाही. आपल्या हातून आता काही होणार नाही, हे मला त्या दुपारी अगदी स्पष्ट दिसलं. खरं सांगायचं तर आजही फार वेगळं दिसत नाही.

आई शेजारी येऊन बसली.

"त्या पिशव्या कशाला होत्या?"

मी सांगितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी काय शिकलो ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढंच होय," ती म्हणाली. "मग निघताना सांगायचंस ना रे. मी पंखासुद्धा लावला नसता."