उमादेवीच्या आठ शेळ्या

माकणीच्या बिराप्पांची उमादेवी लहानपणापासूनच हट्टी. हट्टी म्हणजे किती? धरणाकाठी शेळ्या राखत दहावीला तालुक्यात पहिली आली, नळदुर्गला कॉलेज केलं, पुण्यात डॉक्टरेट मिळवली. परदेशातून बोलावणं आलं तेव्हा "आधी आपल्याकडच्या विंचवाचं बघते" म्हणत सरळ धाराशिवजवळच्या संशोधन केंद्रात रुजू झाली! लोकांनी कपाळाला हात लावला. तिनं कुणाला दाद दिली नाही.

विंचवाच्या विषावर उतारा शोधायचा, हे तिचं काम. ऐकायला सोपं. शेळीला बाधणार नाही इतकं विष थोडं थोडं टोचत जायचं. मग त्या विषाशी झुंजणारी प्रतिपिंडं शेळीच्या रक्तात तयार होतात. ती वेगळी काढून विंचू चावलेल्या माणसाला द्यायची. पण चार वर्षं झाली तरी उमादेवीच्या शेळ्यांची प्रतिपिंडं निघायची ती मरतुकडीच. विषापुढं टिकायचीच नाहीत. शेवटी केंद्राच्या समितीचे अध्यक्ष शंभुलिंग सर म्हणाले, "मॅडम, या आठ शेळ्या शेवटच्या. यातून काही निघालं नाही तर काम बंद."

त्याच आठवड्यात तिची आई, म्हाळसाबाई, लेकीकडं राहायला आली. शेळ्या म्हटल्यावर तिला कोण थांबवणार? आधी गोठाच बघायला गेली.

"उमे, ह्या अशा का कोंडल्यास गं?"

"कोंडल्या नाहीत, आई. प्रत्येकीला वेगळा कप्पा आहे. एकीचा आजार दुसरीला नको. पुस्तकात तसंच सांगितलंय."

"पुस्तकाला काय शेळी ठावं?" म्हाळसाबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्या एका शेळीला चुचकारत म्हणाली. "कळपातली शेळी एकटी पडली की झुरती. चारा टाकती, रवंथ करीना. तुझा बा एकटी शेळी कुणाला इकत न्हवता. जोडी नेणार असंल तरच दावं सोडायचा. असल्या झुरणीच्या अंगाला तुझं औषध काय लागंल? आगं, शेळ्यांत वाढलीस तू! एवढंबी कळंना व्हय?"

उमादेवीला लई राग आला. आता आईनं आपल्याला विज्ञान शिकवायचं! पण खोलीवर येऊन तिनं जुन्या नोंदी काढल्या. पानापानावर तिच्याच अक्षरात एकच वाक्य: 'चारा अर्धा शिल्लक.' चार वर्षांत तिनं तीनदा चारा बदलला होता, कप्पे मात्र तसेच ठेवले होते! रागाची जागा शरमेनं घेतली.

तरी शास्त्रज्ञच ती. आई म्हणते म्हणून कशी मानेल? चार शेळ्या तशाच कप्प्यांत ठेवल्या आणि बाकीच्या चौघींच्या मधल्या भिंती पाडून टाकल्या. विष तेवढंच, चारा तोच. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर एकत्र राहिलेल्या चौघींची प्रतिपिंडं नऊपट जोरदार! तिनं तीनदा तपासलं. आकडा काही हलला नाही.

आता शेवटची परीक्षा. समितीदेखत दहा उंदरांना विष आणि पाठोपाठ उतारा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल. त्याआधीच शंभुलिंग सरांनी नेमकं विचारलं, "मग चार वर्षं चुकलं कुणाचं?"

पुस्तकावर ढकलता आलं असतं. सोबतच्या माणसांवरही. उमादेवी उभी राहिली. "माझं, सर. शेळ्या राखणाऱ्यांची लेक असून मी प्रत्येक शेळीला एकटं ठेवलं. हे माझ्या आईच्या लक्षात आलं." सरांनी तेवढं वहीत टिपून घेतलं.

सकाळी सरांनी पिंजरा उघडून उंदीर स्वतः मोजले. पुन्हा मोजले. दहाच्या दहा टुणटुणीत, दाणे खात बसलेले! "मॅडम," ते म्हणाले, "काम बंद नाही. आता मोठ्या प्रमाणावर सुरू करा."

उमादेवीनं तिथूनच, एव्हाना गावी परतलेल्या आईला, माकणीला फोन लावला. डोळे वाहत होते. "आई, दहाच्या दहा उंदरं जगली!"

"मग? आमच्या कणगीतलीबी जगल्यात मेली. त्यात रडाय काय झालं?"

"आगं, इंचवाचं इख टोचलेली उंदरं! माझा उतारा लागू पडला!"

फोन धप्पकन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज आला, पण तिच्याशी बोलणारा नव्हे. म्हाळसाबाई दारात जाऊन शेजारणीला हाका मारत गल्लीभर ओरडत होती, "शरणम्माऽ, भाईर ये गं! माझ्या उमीनं इंचवाचं इख जिरवलं!"